'औट' या शब्दाचा माग कसा काढावा

'औट घटकेचे राज्य' हा वाक्प्रचार वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून आजही अधूनमधून भेटतो आणि त्याचा अर्थ, म्हणजे अल्पकाळ टिकलेली सत्ता, बहुतेकांना ठाऊक असतो. मात्र त्यातला 'औट' म्हणजे नेमके किती, असे विचारले की उत्तर देणारे थोडेच निघतात. मी स्वतः कित्येक वर्षे तो 'आठ'चाच जुना उच्चार असावा असे समजत होतो. तसे नाही. औट म्हणजे साडेतीन. जुन्या शाळांमध्ये पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांपाठोपाठ जी औटकी घोकून घेतली जाई, ती याच संख्येची.

असा विरळ झालेला गणिती शब्द समोर आला तर त्याचे मूळ आणि त्याचा पूर्वीचा वापर आपले आपण कसे शोधावे, हे औट याच उदाहरणाने पुढे दाखवले आहे. त्यासाठी संस्कृत किंवा प्राकृत येणे अनिवार्य नाही. चांगले कोश, थोडे गणित आणि सापडलेल्या पहिल्याच उत्तरावर न थांबण्याची सवय एवढे पुरते.

आधी शब्दाचे सोबती गोळा करावेत

कोश उघडण्यापूर्वी तो शब्द कोणकोणत्या शब्दांच्या सोबतीने टिकून राहिला आहे, त्याची टिपणे करावीत. औट आज एकटा वावरत नाही. 'औट घटका', 'औट हात' आणि 'औट मात्रा' अशा ठरलेल्या जोड्यांतच तो सापडतो. प्रत्येक जोडीपाशी थांबून हिशेब करावा, कारण गणिती शब्दाचा अर्थ हिशेबानेच पडताळता येतो.

घटका म्हणजे अहोरात्राचा साठावा भाग, अर्थात २४ मिनिटे. तेव्हा औट घटका म्हणजे ८४ मिनिटे, दीड तासालाही थोडी कमी. औट हात हे मनुष्यदेहाचे माप आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, आणि प्रत्येकाचा देह त्याच्या स्वतःच्या हाताने साडेतीन हात भरतो अशी जुनी धारणा आहे. ४६ सेंटिमीटरचा हात धरला तर हे माप १६१ सेंटिमीटर येते, म्हणजे ही धारणा वास्तवाला सोडून नाही. शिवाय हाताची अंगुळे २४ मानली जात असल्यामुळे औट हातांची अंगुळे ८४ होतात, आणि चरकसंहितेच्या विमानस्थानात शरीराची लांबी नेमकी ८४ अंगुळेच सांगितली आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानात हेच माप 'स्वं स्वं हस्तत्रयं सार्धं' अशा शब्दांत दिले आहे. औट मात्रा म्हणजे ॐकारातील अ, उ, म यांच्या तीन आणि वरची अर्धमात्रा. अशा रीतीने एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणी हिशेब साडेतीनवरच येतो, आणि औट म्हणजे आठ ही माझ्यासारख्यांची समजूत इथेच बाद होते.

वाग्भटाचे शब्द वेगळे टिपून ठेवावेत. तो 'सार्ध' वापरतो, म्हणजे 'अर्ध्यासह तीन'. हाच सार्ध प्राकृतात सड्ढ झाला आणि मराठीत साडे झाला. म्हणजे साडेतीन आणि औट हे एकाच संख्येकडे जाणारे दोन निराळे रस्ते आहेत. औटचा रस्ता कोणता, हे आता पाहायचे.

मग भावंडे ओळखावीत

एकट्या शब्दाची व्युत्पत्ती शोधायला बसणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. संख्यावाचक शब्द कुटुंबाने राहतात. मराठीतील अपूर्णांकांचे शब्द एका कागदावर मांडले की त्यांची घडण तीन प्रकारची असल्याचे दिसते. पहिला प्रकार वजाबाकीचा आहे: पाऊण आणि पावणे हे 'पादोन', म्हणजे पावाने उणे, यावरून आले. दुसरा बेरजेचा: सव्वा हा 'सपाद', म्हणजे पावासह, यावरून आणि साडे हा 'सार्ध' यावरून. दीड आणि अडीच मात्र या दोन्हींत बसत नाहीत. आपण 'साडेएक' आणि 'साडेदोन' का म्हणत नाही, हा प्रश्न प्रत्येक मुलाला पाढे शिकताना पडतो, आणि औटचे रहस्य याच प्रश्नात दडलेले आहे.

दीड हा शब्द 'द्वि' आणि 'अर्ध' मिळून झाला आहे, पण त्याचा अर्थ 'दोन अर्धे' असा नाही. 'दुसरा अर्धा' असा आहे. पहिला पूर्ण आहे हे गृहीत धरून केवळ दुसरा अर्धाच आहे, असे सांगितले की दीड होतात. अडीच हा 'अर्धतृतीय' यावरून आला: दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. याच रीतीने पुढचा शब्द रचायचा तर तो 'अर्धचतुर्थ' होईल: तीन पूर्ण आणि चौथा अर्धा, अर्थात साडेतीन. औट म्हणजे हाच अर्धचतुर्थ. 'चतुर्थ'मधले च आणि त दोन स्वरांच्या मध्ये सापडून विरले, जोडाक्षरातील र पुढच्या व्यंजनात मिसळून गेला, आणि पालीत अड्ढुड्ढ, अर्धमागधी प्राकृतात अद्धुट्ठ अशी रूपे झाली. जुन्या हिंदीत अहुठ आणि मराठीत औट ही त्यांचीच पुढची पिढी.

ही साखळी खरी आहे की ओढूनताणून जुळवलेली, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. शेजारच्या भाषेतील भावंडे शेजारी ठेवावीत. हिंदीत डेढ, ढाई, साढे आणि पाढ्यातला हूँठा. मराठीत दीड, अडीच, साडे आणि औट. चारही ठिकाणी हिंदीने ढ किंवा ठ राखला आहे आणि मराठीने त्यातला हकार टाकून ड किंवा ट ठेवला आहे. बदल एकाच शब्दापुरता नसून सगळ्या कुटुंबात एकाच दिशेने झाला आहे. व्युत्पत्तीचा इतका भरवशाचा पुरावा हाती आला की मनाला खरोखर समाधान वाटते. गुजरातीतही साडेतीनच्या पाढ्याला ऊठां म्हणतात, आणि तिथे 'ऊठां भणाववां', म्हणजे ऊठां शिकवणे, याचा अर्थ एखाद्याला भलतेच समजावून फसवणे असा झाला आहे.

'चौथा अर्धा' म्हणजे साडेतीन ही विचाराची पद्धत आपल्याला विचित्र वाटली तरी ती केवळ भारतातली नाही. जर्मन भाषेत साडेतीन वाजले हे सांगताना 'अर्धे चार' असे म्हणतात. रोमन लोकांच्या सेस्टर्शियस या नाण्याचे नाव 'तिसरे अर्धे' या अर्थाच्या शब्दांवरून पडले, कारण ते मुळात अडीच आस (आस हे रोमनांचे लहान नाणे) किमतीचे होते. डेन्मार्कमध्ये पन्नासला हाल्त्रेस म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ विस्तार 'तिसरे अर्धे गुणिले वीस' असा आहे. अडीच विसा पन्नास, हा हिशेब जुन्या बाजारातल्या माणसाला लगेच पटला असता.

मग काळाच्या पायऱ्या लावाव्यात

व्युत्पत्ती जुळली म्हणजे इतिहास कळला असे नव्हे. शब्द कोणत्या काळात, कोणत्या ग्रंथात किंवा लेखात, कोणत्या वस्तू मोजण्यासाठी आला, हे क्रमाने मांडावे लागते. येथे शक्य तितके मागे जावे आणि औटची नोंद नसेल तेथे भावंडांची नोंद घ्यावी.

'अर्ध' अधिक क्रमवाचक ही घडण शुल्बसूत्रांइतकी, म्हणजे यज्ञवेदींच्या मापांच्या वैदिक ग्रंथांइतकी, जुनी आहे: अग्निचितीच्या, म्हणजे विटांच्या वेदीच्या, साडेसात चौरस पुरुष (पुरुष हे लांबीचे माप) क्षेत्रफळाला तेथे 'अर्धाष्टम', म्हणजे आठवा अर्धा, म्हटले आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात ही भावंडे थेट दगडावर भेटतात. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगच्या युद्धात नेल्या गेलेल्या माणसांची संख्या दीड लाख दिली आहे आणि तेथे 'शतसहस्र' या शब्दाच्या आधी येणारा शब्द 'दियढ' हा आहे. हा आपला दीडच. आपण आज 'दीड लाख' म्हणतो तेव्हा सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची शब्दरचना जशीच्या तशी उच्चारतो, ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी तो लेखाचा भाग पुन्हा पुन्हा वाचला होता. मध्य प्रदेशातील रूपनाथ येथील लघुशिलालेखात अशोक आपण उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाल्याचे सांगतो. तेथला शब्द 'अढतियानि' आहे, म्हणजे अडीचचा पूर्वज.

पाली ग्रंथांत बुद्धाबरोबरच्या १२५० भिक्षूंची संख्या 'अड्ढतेळस' शते, म्हणजे 'तेरावे अर्धे' शंभर, अशी सांगितली जाते. जैन आगमांत, म्हणजे जैनांच्या पवित्र ग्रंथांत, महावीरांचा जन्म नऊ महिने आणि साडेसात दिवसांनी झाल्याचे कल्पसूत्र सांगते आणि त्या साडेसातसाठी शुल्बसूत्रांतल्या अर्धाष्टमाचेच प्राकृत रूप वापरते. औटचा साक्षात पूर्वजही आगमांतच सापडतो. ज्ञाताधर्मकथेत द्वारकेच्या वर्णनात प्रद्युम्न ज्यांत प्रमुख आहे अशा साडेतीन कोटी कुमारांचा उल्लेख आहे आणि तेथे 'अद्धुट्ठ' हाच शब्द येतो. परंपरेने या आगमांना लिखित रूप इसवी सनाच्या पाचव्या शतकात वलभी येथे मिळाले असे मानले जाते, तेव्हा काळाची नोंद करताना रचनेचा काळ आणि लेखनाचा काळ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे लिहून ठेवावे.

मराठीतली सर्वांत मोलाची साक्ष ज्ञानेश्वरीची आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधील या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन 'मोटकी औट वळणी' असे येते: साडेतीन वेढे घालून निजलेली सर्पिणी. येथे औट हा शब्द कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय आला आहे, आणि ज्या ग्रंथाचा सारा खटाटोप गीतेचा अर्थ लोकांच्या बोलीत सोपा करून सांगण्याचा आहे त्यात तो असा सहज यावा, यावरून तो त्या काळी श्रोत्यांना सहज कळणारा होता असे मला वाटते. मात्र येथेही एक काळजी घ्यावी. आज प्रचलित असलेली प्रत एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये शुद्ध केलेल्या पाठाची आहे. म्हणून कोणत्याही शब्दासाठी ज्ञानेश्वरीचा आधार घेताना वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली प्रतही उघडून दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहावेत.

फसव्या वाटा

औटचा शोध घेणाऱ्याला एक वाट हमखास चकवते. संस्कृत कोशात साडेतीन या अर्थी 'अध्युष्ट' असा शब्द मिळतो, कुंडलिनीसारख्या साडेतीन वेढ्यांच्या वर्णनासाठी 'अध्युष्टवलय' असा समासही मिळतो, आणि तो मिळताच औट याच अध्युष्टावरून आला असे ठरवून शोध थांबवण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती उलट आहे. लोकांच्या तोंडी असलेल्या अद्धुट्ठाला संस्कृतात घेताना त्याचे मूळ विसरले गेले होते, म्हणून उच्चाराला जवळचा असा एक संस्कृत वेश त्याच्यासाठी शिवला गेला. मोनिअर-विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात हा शब्द प्राकृत रूपावरून बनवलेला असल्याचे नोंदवून मूळ अर्धचतुर्थच दिले आहे. संस्कृतात शब्द सापडला म्हणजे तो आपल्या शब्दाचा बाप ठरतो असे नाही, कधी तो मुलगाही असतो. हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे: अध्युष्टात चार नाही, अर्धा नाही, संख्येचा काहीच मागमूस नाही; अर्धचतुर्थात दोन्ही आहेत आणि दीड-अडीच यांच्याशी त्याची घडणही जुळते.

दुसरी वाट समासाच्या अर्थाची आहे. 'अर्धाष्टम' हा शब्द ज्योतिषात 'अर्धाष्टम शनी' म्हणून येतो आणि तेथे त्याचा अर्थ साडेसात असा नसून आठाचा अर्धा, म्हणजे चौथा, असा आहे. एकच समास दोन संख्या सांगू शकतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी संदर्भातील हिशेब पुन्हा करावा.

तिसरी वाट कागदपत्रांची. जुन्या मराठी हिशेबांत पाव एका उभ्या दांडीने, निम्मे दोन दांड्यांनी आणि पाऊण तीन दांड्यांनी दाखवत. त्यामुळे साडेतीन हे ३॥ असे लिहिलेले आढळते. मोडी दप्तरात असा आकडा दिसला म्हणून तो लिहिणारा कारकून त्याला औट म्हणत होता की साडेतीन, हे मुळीच सांगता येत नाही. शब्दाच्या वापराचा पुरावा म्हणून अक्षरी लिहिलेली संख्याच धरावी, अंक धरू नये.

वापर का आटला, याचा विचार करावा

जन्म शोधणारे पुष्कळ असतात. शब्द मागे का पडला हे शोधणारे कमी, आणि मला तरी हाच भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. औटला साडेतीनने हटवले हे उघड आहे, पण साडेला दीड आणि अडीच यांना का हटवता आले नाही? माझे उत्तर वापराच्या वारंवारतेचे आहे. दीड आणि अडीच रोज तोंडात येतात, शिवाय दीडशे, अडीच हजार, दीड लाख अशी त्यांची पुढची प्रजा आहे. तीनपासून पुढे साडेची रीत एकसारखी चालते: साडेतीन, साडेचार, साडेपाच. अर्ध आणि क्रमवाचक या घडणीचा शेवटचा शिलेदार औट हा त्या सरळ रांगेच्या अगदी तोंडाशी उभा होता, आणि झिजून झिजून त्याच्यात तीनही ऐकू येईना नि चारही. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठे, पेशवाईतील साडेतीन शहाणे या सगळ्या प्रसिद्ध गणना साडेतीननेच रूढ झाल्या, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. घटका, हात आणि मात्रा या मापांना मात्र औट चिकटून राहिला.

औटकीचे आयुष्य थोडे अधिक होते, कारण तिच्यामागे बाजार उभा होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर अशी सारी मापे चारांनी भागली जाणारी होती, म्हणून पाव, निम आणि पाऊण ही तोंडी हिशेबाची नैसर्गिक एकके होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढच्या काही वर्षांत वजनेमापेही मेट्रिक झाली, आणि अपूर्णांकांच्या पाढ्यांखालची जमीनच सरकली.

म्हणून शोध पुरा करायचा तर औटकी एकदा स्वतः म्हणून पाहावी. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस, अठ्ठावीस, साडेएकतीस, पस्तीस. दोन औट मिळून सात होतात हे सूत्र हाती आले की पाठांतराची गरजही उरत नाही: सम संख्येचे अर्धे करून साताने गुणावे, विषम असेल तर आधीच्या सम संख्येच्या उत्तरात एक औट मिळवावा. साडेतीन आणे शेराने बारा शेर घेतले तर सहा साते बेचाळीस आणे, म्हणजे दोन रुपये दहा आणे. हा हिशेब कागदाला हात न लावता होतो. उत्तरांतही साडेदहा, साडेसतरा असेच शब्द येतात, औटच्या घडणीचे येत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. पाढ्याचे नाव जुन्या रीतीचे आणि त्याच्या आतले आकडे नव्या रीतीचे, असा दोन काळांचा सांधा या दहा ओळींत दिसतो.

कोशांपैकी मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन आधी उघडावेत. मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. भारतीय आर्य भाषांतील भावंडांसाठी टर्नर यांच्या तौलनिक कोशाला पर्याय नाही. आणि घरात किंवा शेजारी कोणी जुन्या शाळेत पाढे शिकलेले आजी-आजोबा असतील तर कोशांच्याही आधी त्यांच्याकडे जावे. त्यांना औटकी म्हणायला सांगावी, ती ध्वनिमुद्रित करावी आणि मध्ये कोठेही दुरुस्त करू नये. ओळीत औट हा शब्द येतो की केवळ पाढ्याच्या नावातच उरला आहे, गुणक आधी येतो की नंतर, पाढा दहाला संपतो की त्यापुढे जातो, आणि तो कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली शिकला, एवढे चार तपशील त्याच दिवशी टिपून ठेवावेत.